काटा मध्यावर

"कशी आहेस विचारलं की नुसतं 'काही विशेष नाही' म्हणते. जाऊन बघून या, आणि घरी परत ये म्हणावं," असं सांगून आईने बाबांना लेकीकडे पिटाळलं.

लेक छोट्या विमानांची मेकॅनिक. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा पट्टा तिने नुकताच बदलला होता. बाबांना विमानात शेजारी बसवून तिने इंजिन चालू केलं.

"अगं, हे मीटर मेलंय. काटा मध्येच उभा आहे."

"मेलं नाही, बाबा. बॅटरीत वीज जातेय की बाहेर येतेय, ते हे दाखवतं. बॅटरी भरली की तिला काही नको असतं. हे बघा." तिने विमानाचा मोठा दिवा लावला. काटा डावीकडे झुकला आणि लगेच मध्यावर आला. "भार पडला तरी जागेवर येतो. म्हणजे सगळं ठीक."

बाबांनी मान डोलावली. मग जे विचारायला आले होते ते विचारून टाकलं.

संध्याकाळी आईचा फोन आला. "काय म्हणतेय?"

"काही विशेष नाही."

"आता तुम्हीपण सुरू झालात? अहो, परत ये म्हणालात का?"

"म्हणालो की." लेक समोरच गुणगुणत हातांचं ग्रीस धूत होती. बाबा तिच्याकडे बघत म्हणाले, "काटा जरासा हलला. मग आला जागेवर."