शेजारची खुर्ची

ताऱ्यांपलीकडच्या युद्धातली शेवटची लढाई जिंकून माझा नवरा घरी आला. शत्रूचं कुणीच उरलं नाही, असं बातम्यांत सांगत होते.

जेवायला बसताना तो आधी शेजारची रिकामी खुर्ची ओढून द्यायचा आणि तिकडे बघून हसायचा. लग्नाच्या दिवशीसुद्धा माझ्याकडे बघून तो असा हसला नव्हता.

"कोण आहे ती?" मी विचारलंच शेवटी.

"जेव तू," तो म्हणाला.

माझा नुसता जळफळाट झाला. आज दुपारी त्यानं खुर्ची ओढली, तशी मीच तिच्यावर धपकन जाऊन बसले. बैठक उबदार लागली.

त्याचा हात खुर्चीच्या पाठीवरच राहिला.

"अगं, ऊठ! तिच्या मांडीवर बसलीयस तू."

मी उठायला गेले. कमरेभोवतीची मिठी सुटेना.