पहिला घास

भुऱ्या कुत्रा पुन्हा लडखडून पडला, तसं चैतरामने मोटारसायकल काढली. बायको नंदाबाई त्याला मांडीवर घेऊन मागे बसली आणि तिघं तिरोड्याला आले. जनावरांच्या डॉक्टरांनी अंगावरच्या गोचिडी पाहिल्या, रक्त तपासलं. गोचीडताप नव्हता. चैतराम काही बसेना. लालबुंद तोंडाने नुसता येरझारा घालत होता.

"सायेब, जेवला का तासाभरात पडून राहिला. काऊन?"

"खाण्यात औषध-बिवषध गेलं का?"

"धानाचं औषध कुलपात हाय. अन् गोळ्या घरात खाते कोण? मले बीपी सांगतला, म्या गोळीले हात नाही लावला!"

"मग हा खातो काय?"

"माह्याच ताटातलं. नंदा रोज माह्यासाठी तूप-भाताचा मुटका करून ठेवते. ते चुलीपाशी गेली का पहिला घास म्हणून तो भुऱ्याले टाकतो, मंग मी जेवतो. बापापासूनची रीत हाय."

नंदाबाईच्या हातातली साखळी सुटली.

&nbsp;

नवऱ्याची बीपीची गोळी ती रोज गुपचूप त्याच मुटक्यात दाबत होती.