थांब, बघ, उचल

"चमचा असा धरतात?" व्हर्ना सावचुकने विचारलं.

केलिनने हातातल्या चमच्याकडे पाहिलं. "मग कसा धरतात?"

"तिच्या तोंडासमोर धर आणि थांब. तिने आ केला तरच आत. तू तर पेटीत पत्रं टाकल्यासारखा भोपळा टाकतेयस."

केलिन हसली. तिने वाटी उचलली आणि टेबलावरून व्हर्नाकडे सरकवली. "तुम्ही दाखवा ना."

व्हर्नाने वाटी तशीच परत ढकलली. कामचुकारपणा, दुसरं काय. चौदा महिन्यांची डेला उंच खुर्चीत बसून, इकडून तिकडे जाणाऱ्या वाटीकडे मान वळवून वळवून बघत होती.

हा तिसरा मंगळवार, आणि शेवटचा. शुक्रवारी यॉर्कटनच्या न्यायालयात डेलाचं प्रकरण सुनावणीला यायचं होतं. ती या घरात राहणार की इथून जाणार, ते त्या दिवशी ठरणार होतं. तीन आठवडे व्हर्नाला धड झोप नव्हती. आणि इथे ही चोवीस वर्षांची मुलगी, एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा, फोनकडे एक डोळा ठेवून निवांत भोपळा भरवत होती.

"फोन बाजूला ठेव. बाळ जेवताना फोन नको, हे मागच्या मंगळवारीही सांगितलं होतं."

"घड्याळ बघतेय. आपल्याला बारापर्यंतच वेळ आहे ना."

"भिंतीवर काय आहे मग?"

"ते बंद आहे. दोन मंगळवार तुम्ही त्याच्याकडेच बघताय," केलिन म्हणाली.

व्हर्नाने वहीत लिहिलं: घड्याळ बंद. शुक्रवारी कोणी विचारलंच, तर सांगायला हवं. वहीची चार पानं भरली होती. बाटली फार गरम. टोपी न घालता अंगणात. झोपायच्या आधी टीव्ही.

तीस वर्षं तिने चर्चच्या तळघरात तरुण आयांना आणि पाळणाघर चालवणाऱ्या बायकांना शिकवलं होतं. बाहेर उणे तीस असलं तरी बायका यायच्या. दाराशी बुटांची ओळ, त्यांच्यावरचा बर्फ वितळून जमिनीवर तळं, कोणीतरी घरून आणलेल्या पेरोगींचा, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांचा वास. ओरिसिया नावाची एक होती, सतरा वर्षांची, जुळ्यांची आई. पहिल्या दिवशी मुलांपेक्षा तीच जास्त रडली. नाताळाला तिचं कार्ड अजून येतं. त्या बायका ऐकायच्या. लिहून घ्यायच्या. थांब, बघ, उचल: व्हर्नाचे एवढे तीनच शब्द होते, आणि ते सगळ्या जिल्ह्यात पसरले होते.

स्वतःसाठी मात्र तिने एक वेगळा नियम ठेवला होता. शिकवणारीने मुलाला हात लावायचा नाही. एकदा का आपण मूल घेतलं, की समोरची मोकळी होते, आणि मग तिला कधीच जमत नाही.

"तिला आत्ता काय हवंय, असं वाटतं तुम्हाला?" केलिनने विचारलं.

व्हर्नाचं डोकंच फिरलं. हा प्रश्न तिचा होता. शिकवणारीने विचारायचा, आणि शिकणारीने मुलाकडे बघून उत्तर शोधायचं. ही पोरगी उलट तिलाच विचारत होती, तेही सकाळपासून चौथ्यांदा.

"मला काय विचारतेस? तिच्याकडे बघ."

"मी रोजच बघते, मिसेस सावचुक."

"बघून दिवे लावलेस. तोंड पूस तिचं. खाली उतरायचंय तिला."

केलिनने डेलाचं तोंड पुसलं आणि तिला जमिनीवर ठेवलं. टेबलाचा पाय धरून डेला उभी राहिली. मग तो सोडला. एक, दोन, तीन पावलं, थेट व्हर्नाच्या दिशेने. चौथ्या पावलाला ती तोंडावर आपटली.

मग असा टाहो फुटला, की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

केलिन अर्धवट उठली आणि परत बसली. डेलाकडे न बघता ती व्हर्नाकडे बघत राहिली.

"थांब," व्हर्ना म्हणाली. "आता बघ. हनुवटी बघ, रक्त आहे का. नाही ना? मग आता उचल."

केलिन हलली नाही.

डेलाने रांगत येऊन व्हर्नाच्या स्कर्टचा काठ धरला. व्हर्नाने दोन्ही हात वहीखाली दाबून ठेवले. एवढ्या वर्षांनीही हात आपणहून पुढे जायला बघतात, त्यांना आवरावं लागतं.

"अगं, ऐकू येत नाही का तुला? उचल म्हणतेय ना मी. दगड आहेस की काय?"

केलिन उठली. तिने डेलाला उचलून खांद्याशी धरलं. दोन हुंदक्यांत रडणं थांबलं.

"दहा आकडे होईपर्यंत थांबलीस तू," व्हर्ना म्हणाली. "मी मोजले."

"बारा," केलिन म्हणाली.

बारा वाजायला पाच मिनिटं होती. केलिनने एका हाताने खणातून एक कागद काढला. "हा न्यायाधीशांकडे जायचाय. लिहिलेलं आधी तुम्हाला वाचून दाखवायचं आणि मग सही करायची, असा नियम आहे."

"माहीत आहे मला नियम. वाच."

केलिनने डेलाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग ती वाचू लागली.

"डेलाला पाच महिन्यांपूर्वी माझ्याकडे तात्पुरतं सांभाळायला दिलं. आता तिला तिच्या आजीच्या ताब्यात द्यावं का, एवढंच मला विचारलं आहे. आजी, व्हर्ना सावचुक, तिन्ही मंगळवारी वेळेच्या आधी आल्या. मुलांबद्दल त्यांना माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त कळतं, आणि मी त्यांना शिकवावं असं काही नाही. या सहा तासांत त्यांनी डेलाला एकदाही जवळ घेतलं नाही."