जुन्या चिपची जागा

समोरच्या, म्हणजे स्पर्धेतल्या कंपनीचं हातात धरून खेळायचं नवं गेम मशीन सकाळी ओसाकात विक्रीला आलं, आणि दुपारच्या आत ते कुझुमीच्या कंपनीत टेबलावर, पांढऱ्या कापडावर पडलं होतं. त्याच्या विभागातल्या ओगिसोबाई पहाटेपासून दुकानापुढे रांगेत उभ्या राहिल्या होत्या, गळ्यातलं ओळखपत्र आठवणीने पर्समध्ये ठेवून. या धंद्याची रीतच आहे ती. दुसऱ्याचं मशीन बाजारात आलं की पहिलं गिऱ्हाईक आपण.

कुझुमी हातमोजे घालून तयार बसला होता. दोन वर्षं तो एकाच गोष्टीच्या मागे होता: कंपनीचे सगळे जुने खेळ नव्या मशीनवर चालले पाहिजेत. त्यासाठी आत जुनी चिप बसवावी लागे, आणि ती बसवली की मशीन किंचित जाड होई. मागच्या महिन्यात विभागप्रमुख ताकाराबे यांनी ती चिप काढायला लावली. समोरच्यांचं मशीन फार पातळ येणार, अशी कुणकुण लागली होती. कुझुमीने खूप हुज्जत घातली तेव्हा त्यांनी एवढंच कबूल केलं, की समोरच्यांनी आपली जुनी चिप ठेवलेली निघाली तर आपणही ठेवू. नव्या मशीनचे आराखडे आज संध्याकाळी कारखान्यात जायचे होते.

तेव्हा त्या अख्ख्या इमारतीत समोरच्या कंपनीचं भलं चिंतणारा माणूस एकच होता, आणि तो म्हणजे कुझुमी.

ओगिसोबाईंनी समोरच्यांच्याच एका जुन्या खेळाचं कार्ट्रिज आणलं होतं, भाच्याकडून मागून. "याला काही झालं तर माझी धडगत नाही," त्या म्हणाल्या. कुझुमीने ते हलकेच खोचलं. पडदा उजळला. त्यावर एक ओळ आली: हा खेळ या मशीनवर चालत नाही.

"झालं समाधान?" ताकाराबे म्हणाले. "त्यांनीही ठेवलेली नाही."

"मग आपण ठेवू या की, साहेब. ज्यांच्या घरी जुने खेळ पडलेत ते सगळे आपल्याकडे येतील."

"आपलं काय ठरलं होतं?"

 कुझुमीला रडू यायचंच बाकी होतं. पण मशीन आणलंय म्हटल्यावर उघडायला हवं, म्हणून त्याने स्क्रू काढायला घेतले.

कवच निघालं. आत बोर्डाच्या कोपऱ्यात एक चौकोनी जागा रिकामी होती. भोवती बारीक सोनेरी टोकांची रांग, चिपचे पाय डाग देऊन बसवण्यासाठी केलेली. चिप तेवढी नव्हती.

"इथे बसणार होती," कुझुमी म्हणाला. "अगदी शेवटी काढलीय. कवच पातळ करून घेतलं, बोर्ड बदलायला वेळ मिळाला नसेल."

"एवढं सगळं करून काढायची कशाला?" ओगिसोबाईंनी विचारलं.

"दुसऱ्या कुणाचं तरी पातळ येतंय म्हणून घाबरले असतील."

"कुणाचं?" ताकाराबे म्हणाले.

"आपलं. प्रदर्शनात काचेच्या पेटीत ठेवलं होतं ना आपण."

"ते? ते तर लाकडाचं होतं."

"बाहेरून रंगच दिसतो, साहेब."

ओगिसोबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. तो लाकडी नमुना ताकाराबेंच्याच डोक्यातून निघाला होता. आणखी रंधा मार, आणखी मार, असं त्यांनीच कारागिराला सांगितलं होतं, काचेत जरा नाजूक दिसावा म्हणून. तो बघून समोरचे पातळ झाले, आणि समोरचे पातळ होताहेत हे ऐकून इकडचे.

ताकाराबेंनी पेल्यातला गार बार्लीचा चहा संपवला. "आराखडे जाऊ देत संध्याकाळी," ते म्हणाले. "वरच्या साहेबांना शब्द देऊन बसलोय मी." मग त्यांनी विचारलं, "आपल्या बोर्डावर पण राहिलीय का अशी जागा?"

"राहिलीय."

"बुजवून टाक. उद्या आपलं मशीन आलं की तेही असंच उघडून बसतील. हसतील आपल्याला."

"हसणार नाहीत," कुझुमी म्हणाला. "ज्याने हे केलंय तो तर नाहीच हसणार. राहू द्या ती जागा. त्याला कळेल तरी, की इकडेही एक जण होता."

ताकाराबे त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून मंजुरीचा शिक्का काढला आणि आराखड्यांवर उमटवला. जागा होती तशीच ठेवून.