सा आणि ची

"पुन्हा उलटं!" नोबुए बाई म्हणाल्या आणि त्यांनी खोडरबर उचललं.

साचीने मान वर केली नाही. तिच्यासमोर कागदी कंदील होता, त्यावर पेन्सिलीने मुलांनी आपापलं नाव घालायचं होतं. साचीने घातलं होतं, पण दोन्ही अक्षरं आरशात पाहिल्यासारखी. जपानी लिपीत 'सा' आणि 'ची' ही तशी फसवी जोडी. पोट डावीकडे काढलं की 'सा', उजवीकडे काढलं की 'ची'. बालवाडीतली निम्मी पोरं त्यात घसरतात. बाईंना त्याचं काहीच वाटत नसे. तीस-पस्तीस वर्षं त्या अशीच पोटं इकडची तिकडे करत आल्या होत्या.

"असं लिहिलंस तर भलतंच वाचतील लोक. चीसा म्हणतील तुला!"

वर्गात खसखस पिकली. साची तेवढी हसली नाही. बाईंनी तिचा हात धरून नाव सरळ लिहून घेतलं. हात मऊ होता, थंड होता, आणि नेऊ तिकडे जात होता.

तानाबाताचा सण तोंडावर आला होता. आकाशातल्या नदीच्या दोन काठांवरचे दोन तारे वर्षातून त्या एका रात्री भेटतात, म्हणून बांबूची हिरवी फांदी आणायची, ती साखळ्या-कंदिलांनी सजवायची आणि रंगीत पट्ट्यांवर आपली इच्छा लिहून टांगायची. पोरांच्या हाताला डिंक, केसांना डिंक, बाईंच्या चष्म्यालाही डिंक. मोमोकाला पोलीस व्हायचं होतं, नाहीतर कलिंगड.

"बाई, साचीला हाक मारून काय उपयोग? ती बहिरी आहे," मोमोका म्हणाली.

"बहिरी असशील तू. मघापासून सांगतेय, कात्री खाली ठेव!"

साची बहिरी नव्हती. डॉक्टरांनी कान तपासले होते. पण नावाने हाक मारली तर ती वळत नसे, खांद्याला हात लावावा लागे. बोलत तर ती मुळीच नव्हती. गेल्या शरदात, वादळी पावसात गाडी नदीत गेली. आई गेली, बहीण गेली, ही वाचली. मग वडिलांनी तिला इथे यायझू बंदरावर आपल्या बहिणीकडे आणून ठेवलं.

वडील, इवाकुरा, ट्यूना मासेमारीच्या बोटीवर होते. वर्षातले दहा महिने समुद्रात. त्या दुपारी ते साचीला न्यायला आले तेव्हा पाऊस लागला होता. दारात उभे राहून त्यांनी छत्री बराच वेळ झटकली.

"बाई, तानाबाता झाला की दुसऱ्या दिवशी आमची बोट सुटते. जाण्याआधी हिचा एक शब्द ऐकायला मिळाला तर... शिवी दिली तरी चालेल."

"बोलेल हो. धीर धरा."

"हॉस्पिटलात मी तिला छातीशी धरून म्हटलं, साची, तू तरी राहिलीस. तेव्हापासून ही गप्प." ते जोड्यांकडे बघत होते. "मला तर रडूही येत नाही. लाकूड झालंय नुसतं. घरी आलो की दोघी बहिणी कोटांची अदलाबदल करून मला हमखास फसवायच्या. त्यांची आई पोट धरून हसायची. आता मला फसवायला घरात कोणी नाही."

बाईंना भरून आलं, पण पोरांसमोर रडायचं नाही हा त्यांचा नेम होता. त्यांनी खुंटीवरचा साचीचा पिवळा रेनकोट काढला, अपघाताच्या दिवशी तिच्या अंगात होता तोच. आत कॉलरला लाल दोऱ्याने नाव भरलेलं होतं.

"हे बघ, आईने कसं सरळ घातलंय. साची. असं लिहायचं, कळलं?"

साचीने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग कोट अंगात न घालता तशीच पावसात बाहेर पडली. वडील छत्री घेऊन मागे धावले.

बाईंना एका गोष्टीचं मात्र नवल वाटे. बांबूच्या पानाला म्हणतात 'सासा'. तो शब्द साची एकदाही चुकली नव्हती, दोन्ही पोटं बरोबर डावीकडे. चुकायचं ते फक्त स्वतःचं नाव. पोरांचं असंच असतं, म्हणून त्यांनी सोडून दिलं.

तानाबाताला पोरांचे आईवडील आले. साचीने आपली पट्टी बाईंना दाखवली नव्हती, फांदीच्या मागच्या बाजूला खाली कुठेतरी तिने ती स्वतःच बांधली होती. आता ती कोपऱ्यात पाठमोरी बसून उरलेला कागद कापत होती. बाईंनी इवाकुरांना मागे नेलं, पानं बाजूला केली. निळी पट्टी होती.

"साची परत येऊ दे," बाईंनी वाचलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "पाहिलंत? नाव सरळ लिहिलंय! पहिल्यांदाच!"

इवाकुरा पट्टीच्या खालच्या टोकाकडे बघत होते. तिथे लिहिणाऱ्याचं नाव असतं.

"आणि हे, बाई?"

"ते होय, ते नेहमीसारखं उलटलंय. साचीचं चीसा होतं. जाऊ दे, एकदा जमलं, पुन्हाही जमेल."

"चीसा," इवाकुरा म्हणाले. "चीसा हिची जुळी बहीण."

बाईंचा हात पट्टीवरच राहिला.

इवाकुरा वळले. कोपऱ्यातल्या त्या पाठीकडे त्यांनी पाहिलं आणि अगदी हलक्या आवाजात, कोणाला ऐकू जाऊ नये अशी, हाक मारली.

"चीसा?"

कात्री थांबली. मुलीने चटकन मान वळवली.

"काय, बाबा?"