वहिनींचा जामीनदार

पैज लागली ती वहिनींच्या दारात, शिलाई मशीनला टेकून. वहिनी म्हणजे गल्लीभराच्या टेलर, वय पन्नाशीला आलेलं. त्यांनी आपलं साधं सांगितलं, की तरुणपणी अर्धवट सुटलेली बारावी आता संध्याकाळच्या शाळेत बसून पुरी करणार. मोठ्या माणसांना त्यासाठी सरकार थोडं अनुदान देतं, थोडं कर्ज देतं. आणि बारावी झाली, की शिवण शिकवायच्या केंद्रात बाईंची जागा त्यांना मिळणार.

समोरच्या घरातला कंडक्टर अशा वेळी गप्प बसला असता तर कंडक्टर कसला. वहिनी पहिल्या चाचणीलाच दप्तर टाकून पळणार, म्हणाला. वहिनींनी दातानं दोरा तोडला. पळाले तर तुमच्या घरचं शिवण जन्मभर फुकट, त्या म्हणाल्या, आणि पास झाले तर?

"तर मी शाळेची हाफपँट घालून माझ्याच बसमध्ये चढेन आणि हाफ तिकीट मागेन," कंडक्टर म्हणाला.

बेकरीवाल्यानं साक्षीदार म्हणून तिथल्या तिथे स्वतःची नेमणूक करून घेतली.

आता कर्जाला लागत होता पगारदार जामीन. गल्लीत बाकी सगळे हातावर पोट असलेले, पगारदार काय तो कंडक्टर एकटा. वहिनी विचारायला आल्या तेव्हा यानं ऐटीत सही ठोकून दिली, वर कर्जाच्या ऑफिसपर्यंत सोबतही गेला. तिथं खिडकीतल्या कारकुनानं शिक्का मारता मारता सहज सांगितलं, की बाईंनी शाळा सोडली किंवा नापास झाल्या, तर अनुदानाचंही कर्ज होतं, आणि सगळी वसुली जामीनदाराच्या पगारातून.

घरी येऊन त्यानं हे बायकोच्या कानावर घातलं. ती हसून हसून भिंतीला टेकली.

"जिंकलात तर पगार जाणार, हरलात तर अब्रू. बघा बाई काय परवडतंय ते."

पगार काही परवडण्यासारखा नव्हता.

मग गल्लीनं एक नवल पाहिलं. कंडक्टर ड्यूटीवरून यायचा तो खाकी न उतरवता थेट वहिनींच्या दारात, आणि हिशेबाच्या पुस्तकातून प्रश्न विचारत बसायचा. स्वतः दहावीला लटकून सुटलेला गडी, पण जमा कुठं आणि नावे कुठं, यावरून वहिनींशी हमरीतुमरीवर यायचा. वहिनी वर्गाला गेल्या, की मागे त्यांच्या गिऱ्हाइकांच्या शर्टांना बटणं लावत बसायचा. बेकरीवाला तर चांगल्या शर्टाची बटणं तोडून आणून द्यायचा, वर घाई आहे म्हणायचा.

एवढं करूनही सहामाहीला वहिनींनी हिशेबात भोपळा आणला. त्या संध्याकाळी त्यांनी पुस्तक मशीनवर आपटलं. शेजारच्या बाकावर सुनेच्या वयाची पोरगी, तिचा ताळेबंद पटकन जुळतो आणि आपला रात्रंदिवस घासून जुळत नाही. लाज वाटते, म्हणाल्या.

"भावजी, तुम्ही जिंकलात. उद्यापासून मी जात नाही."

कंडक्टरच्या बोटात सुई घुसली, तरी त्याला कळलं नाही. गच्च भरलेल्या बसला एका आवाजात मागं सारणारा माणूस, पण आता हात जोडून उभा राहिला.

"वहिनी, पाया पडतो," तो म्हणाला. "पण मला हरवा."

वहिनी आधी बघत राहिल्या, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हसू सरल्यावर पुन्हा तेच गणित पुढं घेतलं. दोघं दोन कागदांवर खाली मुंड्या घालून बसले. थोड्या वेळानं ताळेबंद जुळला, पण जुळला कंडक्टरचा. त्यानं तीनदा तपासला, बायकोला हाक मारून दाखवला, आणि रस्त्यानं चाललेल्या बेकरीवाल्यालाही थांबवून दाखवला.

वहिनींच्या अंगाचा तिळपापड झाला. या दहावीवाल्याला जमतं आणि मला नाही? दुसऱ्या दिवशी त्या शाळा उघडायच्या आधी दारात जाऊन उभ्या.

निकालाच्या सकाळी कंडक्टर आरशासमोर अर्धी दाढी करून थांबला होता. वहिनी आल्या. गळ्यातली मापाची टेप काढली आणि त्याच्या पोटाभोवती गुंडाळली.

"श्वास सोडा," म्हणाल्या. "माप खरं लागतं."

कंडक्टरनं सोडला. गेले कित्येक महिने धरून ठेवलेला सगळा सोडला.

पैजेचा दिवस उजाडला तेव्हा स्टॉपवर बसमध्ये मावणार नाहीत एवढी माणसं. निळी हाफपँट, पांढरा शर्ट, गळ्यात टाय, खाली कंडक्टरच्या केसाळ पोटऱ्या. बेकरीवाला दुकान बंद करून आलेला. बस थांबली, कंडक्टर चढला, मागून वहिनी आणि बायको. आतला कंडक्टर याच्याच हाताखाली शिकलेला. त्याला कुठं बघावं कळेना.

"एक हाफ," आपला कंडक्टर म्हणाला.

बस नुसती खदखदून हसली. मागच्या सीटवरच्या म्हातारबाबांनी विचारलं, बाळ कितवीत आहे. कंडक्टर कानापर्यंत लाल झाला आणि हाफपँट गुडघ्यांकडे ओढायला लागला.

वहिनींनी त्याच्या हातावर चापट मारली.

"ओढू नका, शिवण उसवेल. खाली चार बोटं कापड दुमडून ठेवलंय, भावजी. वाढत्या अंगाचं शिवलंय."