जाड तारा की पातळ?

मुलगा बऱ्याच वर्षांनी सुट्टीवर घरी आला, तेव्हा बापाने कोपऱ्यातली गिटार पुसून ठेवली आणि त्याला वाद्यांच्या दुकानात घेऊन गेला. जुन्या तारा पार गंजल्या होत्या.

"चांगल्यातल्या द्या," बाप म्हणाला. "आमचे चिरंजीव मोठ्या हॉटेलात रोज गिटार वाजवतात. साधंसुधं काम नाही."

"मग जाड तारा घ्या, आवाज भरदार येतो," दुकानदार हसून म्हणाला. "रोज वाजवणाऱ्याची बोटं घट्ट झालेली असतात, त्यांना त्या रुतत नाहीत. बघू दादा, डावा हात."

मुलाने हात मागे घेतला, पण बापानेच तो कौतुकाने पुढे ओढला. बोटांची टोकं लहान मुलासारखी मऊ होती. घट्टे होते ते खाली, तळहातावर. बापाने ते लगेच ओळखले. गोदामात पोती वाहून त्याच्याही तळहाताला तसेच पडले होते, आणि पोराला ते पडू नयेत म्हणून तर त्याने ती गिटार घेतली होती.

दुकानदाराने पातळ तारांचा पुडा काढला.

"राहू द्या, नंतर येतो," बाप म्हणाला.

दोघं घराकडे चालू लागले. मग बाप हळूच म्हणाला, "आईला सांगू, दुकान बंद होतं. उगाच तिच्या जिवाला लागेल."

मुलाने मान खाली घातली. "तिला पहिल्यापासून माहीत आहे, बाबा. 'यांना कळू देऊ नकोस,' असं तीच म्हणाली होती."